थेंब टाकून बघा : तापवलेल्या लाकडाला गोंद आणि तेल लावण्याआधी

पेटीचा सांधा उकलला तेव्हा आतला गोंद जसाच्या तसा होता. पांढरट, लवचिक, एका सलग पट्टीत. नखाने टोक धरून ओढला तर सापाची कात निघावी तसा लाकडावरून सुटून आला. त्याला लाकडाचा एक तंतूही चिकटलेला नव्हता. चांगला सांधा मोडला की लाकूड फाटतं, गोंद धरून राहतो. इथे गोंद लाकडात शिरलाच नव्हता. माझ्याकडे काम करणारे मिस्त्री शांतपणे म्हणाले, "ताई, हे लाकूड पाणीच पीत नाही. गोंद आत जाणार कसा?"

ते ॲश नावाच्या झाडाचं तापवलेलं लाकूड होतं, म्हणजे फुगणं-आकसणं कमी व्हावं म्हणून कारखान्यात तापवून घेतलेलं. छान गडद तपकिरी, हलकं, भाजल्यासारख्या वासाचं. मी त्याला साध्या लाकडासारखंच वागवलं होतं. रंधा मारून आठवडाभर फळ्या तशाच ठेवल्या, मग पांढरा गोंद लावला आणि नेहमीच्या सवयीने तासाभरात क्लॅम्प (सांधा आवळून धरणारे शिकंजे) काढले. चूक सगळी माझी. पण पूर्वी मी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते, त्यामुळे अडलं की हात आपोआप ड्रॉपरकडे जातो. त्या दिवसापासून तापवलेलं कुठलंही लाकूड आलं की आधी थेंब, मग काम. ती थेंबाची परीक्षा कशी करायची, आणि तिच्यावरून गोंद-तेलाचं काय ठरवायचं, ते इथे लिहिते.

आधी थोडं आतलं. लाकडात मुख्यतः तीन गोष्टी असतात. सेल्युलोज हे लांब, मजबूत धागे, साधारण चाळीस-पंचेचाळीस टक्के. लिग्निन हा त्यांना धरून ठेवणारा कडक भराव. आणि या दोघांच्या मधली हेमिसेल्युलोज, आखूड, फांद्या फुटलेल्या साखळ्यांची, स्वभावाने कमकुवत. या साखळ्यांवर हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात आणि पाण्याचे रेणू त्यांना धरून बसतात. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं ते यामुळे. १६० अंश सेल्सिअसच्या पुढे, कमी ऑक्सिजनमध्ये तापवलं की सगळ्यात आधी हेमिसेल्युलोज मोडते. मोडताना ॲसेटिक आम्ल सुटतं, ते उरलेली मोडतोड आणखी वेगाने करतं. पाण्याला धरायला जागाच कमी उरतात. चांगलं तापवलेलं लाकूड त्याच हवेत साध्या लाकडाच्या निम्म्यापर्यंतच ओलावा धरतं, आणि फुगणं-आकसणंही त्याच अंदाजाने कमी होतं.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत आल्फ्रेड स्टॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४६ मध्ये वितळलेल्या धातूखाली लाकूड तापवून त्याला 'स्टेबवूड' म्हटलं होतं. व्यापारी रूप आलं ते १९९० च्या दशकात, फिनलंडच्या 'थर्मोवूड'मधून. त्यात वाफेच्या आवरणाखाली लाकूड तापवतात. मऊ लाकडासाठी (पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांच्या) १९० आणि २१२ अंश असे दोन दर्जे आहेत. फळी विकत घेताना हा आकडा विचारून घ्या. नुसतं 'भाजलेलं' म्हणून दिलेल्या लाकडावरून काहीच कळत नाही. आणि जपानी पद्धतीने ज्वाळेवर वरचा थर कोळसा करून काळं केलेलं लाकूड ही वेगळी गोष्ट. तिथे आतलं लाकूड साधंच असतं, त्याची गल्लत करू नका.

पण पृष्ठभागाची गोष्ट फक्त हायड्रॉक्सिल गटांवर संपत नाही. तापताना लाकडातली राळ, मेणासारखे आणि तेलकट पदार्थ पृष्ठभागाकडे सरकतात. लिग्निन मऊ होऊन नव्याने बसतं. म्हणूनच पाण्याशी वागणं बदलायला बरंच कमी तापमान पुरतं. १०० ते १६० अंशांच्या टप्प्यात, वजन फारसं घटायच्या आधीच, थेंब पसरायचा थांबू लागतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच वाटलं नाही, म्हणून मी स्वतः तुकडे भाजले.

तुकडे कसे करायचे

तयार तापवलेली फळी असेल तर हा भाग सोडून थेट थेंबावर जा. स्वतः करून बघायचं असेल तर एकाच फळीतून, एकाच रेषेत, साधारण १०० मिमी लांब, ५० मिमी रुंद आणि १० मिमी जाड असे सहा तुकडे कापा. एकाच फळीतून, हे महत्त्वाचं. दोन वेगळ्या फळ्यांमधला मुळातला फरक कधीकधी तापवण्याने पडणाऱ्या फरकाहून मोठा असतो. बीच किंवा मेपलसारखं बारीक, एकसारख्या पोताचं लाकूड सुरुवातीला सोपं जातं. पाइनमध्ये राळेचे मणी फुटून येतात आणि गोंधळ होतो. सागात मुळातच तेलकट द्रव्य असल्याने न तापवताही थेंब आढेवेढे घेतो, म्हणून शिकण्यासाठी तो नको. प्लायवूड, एमडीएफ, रंगवलेलं किंवा औषध मारलेलं लाकूड तर अजिबात नको. तापल्यावर त्यातून काय बाहेर येईल ते नाकाने ठरवायची गोष्ट नाही.

ज्यात अन्न शिजतं तो ओव्हन वापरू नका. आंबट, डोळ्यांना झोंबणारा धूर निघतो आणि वास महिनोन्‌महिने जात नाही. मी एक जुना छोटा ओव्हन फक्त याच कामाला ठेवलाय, तोही बाहेर, छपराखाली, शेजारी वाळूची बादली आणि अग्निशामक. ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. एका फालतू तुकड्याला मधोमध भोक पाडून त्यात थर्मोकपलची तार घाला आणि लाकडाच्या पोटातलं तापमान वाचा. २२० च्या वर घरी जाऊ नका. पुढे लाकूड स्वतःच उष्णता सोडायला लागतं, आणि एकदा ते सुरू झालं की ओव्हन बंद करूनही थांबेल याची खात्री नसते. तापवत असताना तिथून हलायचं नाही, फोन आला तरी.

आधी सगळे तुकडे १०३ अंशांवर वाळवा. दर दोन तासांनी वजन करा. सलग दोन वजनं सारखी आली की पाणी गेलं असं समजा. ओलसर तुकडा थेट १८० वर टाकला तर वाफ आतून फाडते. माझे पहिले दोन तुकडे टोकापासून मध्यापर्यंत चिरले ते यामुळेच. कोरडं वजन पेन्सिलने तुकड्याच्या मागे लिहा. मग प्रत्येक तुकडा ॲल्युमिनिअमच्या फॉइलमध्ये दोन थरांत घट्ट गुंडाळा, म्हणजे हवा कमी लागेल. हे कारखान्यातल्या वाफेची बरोबरी करत नाही, पण कडा जळण्यापासून वाचतात.

एक तुकडा १०३ वरच सोडा, तो तुलनेसाठी. बाकीचे १३०, १६०, १८०, २०० असे एकेक. पोटातलं तापमान हव्या आकड्याला पोचल्यापासून दोन तास मोजा. सहावा तुकडा राखीव, काहीतरी बिघडतंच. तापमान हळूहळू चढवा आणि उतरवतानाही घाई नको. ओव्हन बंद करा, दार बंदच ठेवा, दुसऱ्या दिवशी सकाळी उघडा. गरम असताना फॉइल सोडलं तर हवा लागून लाकूड धुमसायला लागू शकतं. थंड झाल्यावर पुन्हा वजन. कोरड्या वजनात किती घट झाली तेवढं लाकूड प्रत्यक्ष मोडून उडालं. १३० ला ही घट जवळजवळ दिसणार नाही, २०० ला साध्या वजनकाट्यावरही दिसेल.

आता थेंब

पृष्ठभाग सगळ्यांचा सारखा हवा. १२० आणि मग १८० नंबरचा पॉलिश पेपर, रेषेच्या दिशेने, हलक्या हाताने, पण फक्त अर्ध्या भागावर. उरलेला अर्धा भाग भाजून आला तसाच राहू दे, का ते पुढे सांगते. धूळ कोरड्या ब्रशने झाडा. ओलं फडकं नको आणि बोटंही नकोत, बोटाचा तेलकटपणा थेंबाला लगेच कळतो. तापवलेल्या लाकडाची धूळ फार बारीक आणि कोरडी असते, मास्क लावा.

पाणी डिस्टिल्ड घ्या. ड्रॉपरचा थेंब मोठा पडतो आणि स्वतःच्या वजनाने चपटा होतो. त्याऐवजी बारीक सुईची सिरिंज घ्या, थेंब सुईच्या टोकाला लटकू द्या आणि लाकडाला हलकेच टेकवा. पायाचा व्यास ३ मिमीच्या आत असेल तर तो गोलाचा तुकडा आहे असं धरून चालतं. मोबाइल लाकडाच्या पातळीत, बाजूने, मागे पांढरा कागद. थेंब पडल्यावर ५ सेकंदांनी एक फोटो, एका मिनिटाने दुसरा. शेजारी पट्टी उभी ठेवा म्हणजे माप घेता येतं.

फोटोवरून थेंबाची उंची आणि पायाचा व्यास मोजा. उंचीच्या दुपटीला व्यासाने भागा, आलेल्या आकड्याचा उलटा टॅन (कॅल्क्युलेटरवरचं tan⁻¹, अंशांत) काढा, त्याची दुप्पट करा. हा स्पर्शकोन. थॉमस यंग यांनी १८०५ मध्ये त्याचा हिशेब मांडला तेव्हापासून भिजणं मोजायचं माप तेच आहे. व्यास ३ मिमी आणि उंची पाऊण मिमी असेल तर कोन ५३ अंश येतो, म्हणजे पाणी लाकडाशी सलगी करतंय. उंची दीड मिमी असेल तर ९० अंश, अर्धगोल. त्याच्या वर गेलं की थेंब मण्यासारखा उभा, खालून कडा आत वळलेल्या.

एका थेंबावर निकाल देऊ नका. वार्षिक वलयांमधला फिका पट्टा आणि गडद पट्टा यांचं वागणं वेगळं असतं. शिवाय थेंब रेषेच्या दिशेने जास्त पळतो, गोल न राहता लांबट होतो. मी प्रत्येक तुकड्यावर पाच थेंब टाकते, सगळे फोटो एकाच दिशेने, आणि सगळ्यात जास्त-कमी सोडून मधले तीन धरते. खडबडीत पृष्ठभाग जे मुळात आहे ते वाढवून दाखवतो. पाणी आवडणाऱ्या लाकडाला आणखी आवडायला लागतं, न आवडणाऱ्याला आणखी नकोसं होतं. म्हणून पेपरचा नंबर बदलला की आधीच्या आकड्यांशी तुलना करू नका.

माझ्या तुकड्यांवर १०३ चा थेंब बघता बघता पसरला आणि मिनिटभरात ओला डाग उरला. १३० वर तो रेंगाळला. १६० वर बसला. २०० वर इतका निवांत बसला की मी दुसऱ्या कामाला गेले आणि परत आले तेव्हाही होता, फक्त हवेत उडून लहान झालेला.

आता त्या घासलेल्या आणि न घासलेल्या अर्ध्या भागाबद्दल. दोन्हीकडे थेंब टाका. न घासलेल्या बाजूला मणी आणि घासलेल्या बाजूला डाग, असं दिसलं तर बदल कातडीपुरता आहे, म्हणजे वर आलेल्या राळ-मेणाचा. दोन्हीकडे मणी असेल तर लाकूड आतपर्यंत बदललंय. बहुतेक वेळा मधलंच काहीतरी दिसतं. घासलेला भाग जरा जास्त पाणी घेतो, पण साध्या लाकडाइतकं नाही. आणि घासल्यानंतर तासाभराने, एका दिवसाने, आठवड्याने पुन्हा थेंब टाका. ताजा पृष्ठभाग पाणी पितो, शिळा कंटाळतो. हवेतली घाण बसते, आतले पदार्थ पुन्हा वर येतात. माझ्या फळ्या रंधा मारून आठवडाभर पडून होत्या. पेटी तिथेच बिघडली होती.

तेल, स्पिरिट, साबण

याच तुकड्यांवर जवसाच्या तेलाचा थेंब टाका. २०० अंशांच्या तुकड्यावरही तो आरामात पसरतो. पाण्याला तोंड फिरवणारं लाकूड तेलाशी जुनी ओळख असल्यासारखं वागतं. कारण पाण्याचा पृष्ठताण मोठा आहे, २० अंशांवर सुमारे ७२.८ मिलिन्यूटन प्रति मीटर. त्याचे रेणू एकमेकांना सोडायला तयार नसतात, आणि समोर धरायला हायड्रॉक्सिल गट कमी झाले तर आपापसातच गोळा होतात. स्पिरिटचा पृष्ठताण याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास, सुमारे २२. तेलाचाही पाण्याहून बराच कमी. त्यांना पसरायला लाकडाकडून फारसं आमंत्रण लागत नाही. तापवल्याने लाकडाची पाण्यासारख्या द्रवांशी असलेली ओढ कमी होते, तेलाशी असलेली जवळजवळ तशीच राहते.

खात्री करायची तर पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब मिसळा आणि तेच पाणी २०० च्या तुकड्यावर टाका. पसरेल. लाकूड तेच, फक्त पाण्याचा हट्ट कमी झाला. (हा तुकडा मग पुढच्या परीक्षेला बाद. साबण निघत नाही.)

मग गोंदाचं काय करायचं

पांढरा गोंद, म्हणजे पीव्हीए, पाण्यात विरघळवलेला नसून पाण्यात तरंगणाऱ्या कणांचा असतो, आणि तो सुकतो तो पाणी लाकडात गेल्यामुळे. लाकूड पाणी घेत नसेल तर दोन गोष्टी होतात. गोंद आत रुजत नाही, आणि ओला राहतो. म्हणून जोडायच्या दिवशीच, शक्यतो त्याच तासात, दोन्ही तोंडांवर ताजा पेपर मारा. दोन्ही बाजूंना गोंद लावा, पातळ थर, ब्रशने जरा दाबून चोळा. क्लॅम्प नेहमीच्या किमान दुप्पट वेळ ठेवा. मी आता रात्रभरच ठेवते. पण आवळताना हात आवरा. तापवलेलं लाकूड ठिसूळ झालेलं असतं, कडा चेंगरतात, आणि जोर जास्त दिला तर जो काही गोंद आहे तोही बाहेर पिळला जातो.

पॉलियुरेथेन गोंदाची अडचण उलटी. त्याला घट्ट व्हायला ओलावा लागतो आणि हे लाकूड कोरडं, कारखान्यातून निघताना चार ते सात टक्क्यांवर. एका तोंडावर पाण्याचा अगदी हलका फवारा मारा, दुसऱ्यावर गोंद. फवारा मण्यांसारखा उभा राहिला तर ओल्या फडक्याने पुसून पातळ करा. इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा गोंद, यात सगळ्यात समजूतदार. त्याला पाणी द्यायचंही नसतं आणि घ्यायचंही नसतं. रेझिनचे काही गोंद मात्र लाकडातल्या उरलेल्या आम्लामुळे नीट घट्ट होत नाहीत, त्यांचं पत्रक वाचून मगच हात घाला. तेच आम्ल साध्या खिळ्यांना गंज चढवतं आणि भोवती काळे डाग पडतात, तेव्हा स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच, आणि आधी भोक पाडून.

भार पेलणाऱ्या कामाला हे लाकूड घेऊच नका. वाकवलं तर साध्या लाकडाआधी मोडतं, आणि मोडण्याआधी इशाराही देत नाही, आखूड तुकडे पडतात. जमिनीत गाडायलाही नको.

पॉलिश

तेल लावणार असाल तर काम सोपं आहे. हलका पेपर, जवसाचं किंवा टंग (टंग झाडाच्या बियांचं) तेल, पंधरा-वीस मिनिटांनी जास्तीचं पुसून टाका, दुसऱ्या दिवशी पुन्हा. पुसलेल्या चिंध्यांचा गोळा करून ठेवू नका, तेल सुकताना तापतं आणि गोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही, आपोआप पेट घेतो. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवा.

पाण्यावरचं पॉलिश लावायचं असेल तर आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात थेंबभर लावून बघा. मण्यांसारखं गोळा होत असेल तर ताजा पेपर मारून पहिला हात पातळ करा आणि दोन हातांमध्ये जास्त वेळ जाऊ द्या. एक फायदा आहे, तो मला उशिरा लक्षात आला. साध्या लाकडावर पाण्याचं पॉलिश लावलं की तंतू फुगून उभे राहतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. तापवलेलं लाकूड फुगतच कमी, त्यामुळे मधलं घासणं बरंच वाचतं.

कापलेलं टोक

वरचा सगळा कोन, सगळा मणी, हा फळीच्या चपट्या अंगाचा. फळीच्या कापलेल्या टोकाला लाकडाच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात, आणि नळीतून पाणी चढायला फारशी सलगी लागत नाही. २०० चा तुकडा टोकावर उभा करून ५ मिमी पाण्यात ठेवा, तासाभराने वजन करा. आधी मला वाटलं वजनकाटा बिघडला. अंगावर थेंब टिकवणारं तेच लाकूड टोकातून पाणी ओढत होतं. नळ्यांच्या पोकळीत शिरणारं पाणी आणि भिंतींना फुगवणारं पाणी या दोन गोष्टी आहेत. तापवल्याने दुसरी बरीच थांबते, पहिली थांबतेच असं नाही. म्हणून टोकांना पातळ इपॉक्सी किंवा टोकं बंद करायचा लेप, तो नसेल तर तेलाचे तीन-चार हात, लाकूड प्यायचं थांबेपर्यंत. पेटी पुन्हा जोडली तेव्हा मिस्त्रींनी हे आधी केलं आणि मगच माझ्याकडे गोंदाची बाटली दिली.

ऊन

माझ्या खणात आता तुकड्यांचा ढीग आहे, प्रत्येकाच्या पाठीवर तापमान, वजन आणि तारीख. २०० चा एक तुकडा मी मुद्दाम खिडकीबाहेर ठेवला होता, ऊन-पावसात, काहीही न लावता. काही महिन्यांत तपकिरी रंग जाऊन तो राखाडी झाला, वर बारीक भेगा आल्या. उन्हातला अतिनील प्रकाश लिग्निन मोडतो, पाऊस ते धुऊन नेतो आणि वर पाणी आवडणारं सेल्युलोज उघडं पडतं. बाहेर ठेवायच्या कामाला रंगद्रव्य असलेलं तेल किंवा पॉलिश लावा, बिनरंगी तेल हा प्रकाश अडवत नाही, आणि फिकं वाटायला लागलं की पुन्हा लावा. खिडकीतल्या त्या तुकड्यावर परवा थेंब टाकला, तो क्षणात पसरला. उलटा करून पाठीवर टाकला. तिथे मणी अजून उभा होता.